फॉरमॅट मारू नका!

"अरे, तो कॉम्प्युटर पुन्हा बसला. दुकानात दाखवला. तो म्हणतोय फॉरमॅट मारावा लागेल. मारू दे का?"

शुक्रवारी संध्याकाळी रत्नागिरीहून काकांचा फोन. गेल्या सीझनची गोष्ट, हापूस अगदी भरात होता. मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो. म्हटलं, "काका, त्याला सांगा हात लावू नको. मशीन घरी घेऊन या. मी येतो." आणि खरंच स्वारगेटहून रात्रीची गाडी पकडली, पहाटे साखरप्याला चहा घेतला आणि उजाडता उजाडता मारुती मंदिरला उतरलो.

सोमवारी ऑफिसात हे सांगितलं तर सगळे हसले. एका जुन्या डेस्कटॉपसाठी पुणे-रत्नागिरी? आठशे रुपयांत फॉरमॅट मारून मिळतो की! त्या हसण्यासाठीच आजचा हा लेख आहे. जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी त्या मशीनमध्ये काय होतं ते सांगतो. काकांची पावसच्या बाजूला कलमांची बाग आहे. २०१५ पासून प्रत्येक कलमाची नोंद एका एक्सेल फाइलमध्ये आहे. मोहोर कधी आला, फवारणी कुठली केली, पेट्या किती निघाल्या, वाशीच्या कुठल्या दलालाकडे किती माल गेला, कुणाकडून किती येणं आहे. शिवाय दीडेकशे घरगुती गिऱ्हाइकांचे पत्ते. बागायतदाराच्या दृष्टीने ही फाइल म्हणजे सातबाऱ्याच्या खालोखालचा कागद.

आता कुणी विचारेल, २०१५ पासूनच का? त्याआधी बाग नव्हती? होती. नोंदीही होत्या, सहा वर्षांच्या. २०१४ साली त्या फॉरमॅट झाल्या.

आणि फॉरमॅट मारायला सांगणारा माणूस मीच होतो.

तेव्हा मी रिलीजच्या गडबडीत होतो. काकांनी फोन करून विचारलं होतं, "पडद्यावर काहीतरी इंग्रजीत आलंय, वाचून दाखवू?" मी म्हटलं, "नको, सरळ फॉरमॅट मारायला सांगा, तासाभरात होईल." झालं तासाभरात. सहा वर्षांच्या नोंदी गेल्या आणि आजीचे बरेचसे फोटोही गेले. काका एका शब्दाने काही बोलले नाहीत. पण पडद्यावर तेव्हा काय लिहिलं होतं, ते मला आजतागायत माहीत नाही. मी ऐकूनच घेतलं नव्हतं.

असो. तर शनिवारी सकाळी आंघोळ-बिंघोळ बाजूला ठेवून मशीन चालू केलं. निळा पडदा आला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं की एक महत्त्वाचा सिस्टिम ड्रायव्हर एकतर जागेवर नाही किंवा त्यात चूक आहे, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करता येत नाही. खाली फाइलचा पूर्ण पत्ता होता: विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हर्स, आणि शेवटी व्हॉलस्नॅप डॉट एसवायएस. त्याखाली एरर कोड: झिरो एक्स सी, चार शून्यं, २२१.

मंडळी, यापेक्षा जास्त स्पष्ट कुणी काय सांगायचं? पेशंट स्वतः बोट ठेवून सांगतोय की डावीकडून तिसरी दाढ दुखतेय, आणि डॉक्टर म्हणतोय सगळे दात काढून टाकू!

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि एखादं उपकरण किंवा सेवा यांच्यामधला दुभाषी. हार्ड डिस्कशी बोलणारा एक, पडद्याशी बोलणारा दुसरा, असे ढीगभर. त्यातले काही सुरुवातीलाच लागतात, विंडोज स्वतः उठून उभी राहायच्या आधी. व्हॉलस्नॅप त्यातलाच, डिस्कच्या 'शॅडो कॉपी' सांभाळणारा. अशा फाइलला एक बेरीज चिकटवलेली असते, चेकसम म्हणतात तिला. सुरू होताना फाइलची बेरीज पुन्हा करून ताडून बघतात. जुळली नाही तर सिस्टिम थांबते. सी-चार शून्यं-२२१ चा अर्थ शब्दशः एवढाच: बेरीज जुळत नाही. म्हणजे फाइल आहे, पण आतले काही बाइट बदललेत.

फाइल केवढी? अर्ध्या एमबीपेक्षाही लहान. मोबाइलवर आलेला 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा कधीकधी याहून मोठा असतो :-)

आता ती खराब का होते? रत्नागिरीत विचाराल तर एकच उत्तर मिळेल, "लाइट गेली." उत्तर अगदीच चूक नाही. २००५ साली वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण आली तरी कोकणात अजून सगळे 'एमएसईबी'च म्हणतात, आणि २००० च्या दशकातलं भारनियमन कुणी विसरलेलं नाही. ज्या जिल्ह्यात दाभोळचा एवढा गाजलेला वीज प्रकल्प उभा राहिला, २००१ मध्ये बंद पडला आणि नंतर नव्या नावाने चालू झाला, त्याच जिल्ह्यातली माणसं कंदील हाताशी ठेवून जेवत होती. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते या वादळांनी काय केलं ते तर ताजंच आहे.

पण इंजिनिअर म्हणून जरा बारकाईने बघा. ड्रायव्हरची फाइल एरवी फक्त वाचली जाते, तिच्यावर कुणी लिहीत नाही. विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टिम आपल्या हिशेबाची जर्नल ठेवते, त्यामुळे लाइट गेल्यावर फोल्डरांची रचना सहसा शाबूत राहते. मात्र फाइलच्या आतल्या मजकुराची तशी हमी नसते. म्हणजे अपडेट चालू असताना लाइट गेली तर ड्रायव्हर अर्धवट लिहिला जाऊ शकतो. दुसरं कारण, डिस्कवरचा तो सेक्टरच मेला. तिसरं, रॅम खराब. चौथं, व्हायरस. कारणं वेगवेगळी, उपाय वेगवेगळे. आणि फॉरमॅट मारणारा माणूस यातलं कुठलंच कारण शोधत नाही. माझा मुख्य राग इथेच आहे.

काकांच्या मशीनवर मी काय केलं ते सांगतो. यात काही जादू नाही, तुम्हीही करू शकता.

लॅपटॉपवर विंडोज १० ची इन्स्टॉलेशनची पेन ड्राइव्ह बनवली, आठ जीबीची पुरते. तिच्यावरून मशीन सुरू केलं. पहिल्या पडद्यावर 'इन्स्टॉल' असं मोठ्ठं बटण असतं, तिकडे जायचंच नाही. खालच्या कोपऱ्यात 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' अशी बारीक ओळ असते, ती धरायची. आत ट्रबलशूट, मग कमांड प्रॉम्प्ट.

काळा पडदा आला की सगळ्यात आधी दुरुस्ती नाही, डेटा! ही गोष्ट फार लोकांना माहीत नाही: तिथे 'नोटपॅड' असं टाइप केलं तर नोटपॅड उघडतो, आणि त्याच्या फाइल-ओपनच्या खिडकीतून आख्खी डिस्क दिसते. फाइलचा प्रकार 'ऑल फाइल्स' करायचा, फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर पेस्ट. काकांची एक्सेल, पत्ते आणि उरलेसुरले फोटो वीस मिनिटांत बाहेर आले. काका मागे उभे होते. "आलं सगळं?" म्हणाले. "आलं." मग ते चहा टाकायला सांगायला आत गेले.

त्यानंतर दुरुस्ती. विंडोजमध्ये 'एसएफसी' नावाची कमांड आहे, सिस्टिम फाइल चेकर. ती प्रत्येक सिस्टिम फाइल तपासते आणि खराब असेल तर विंडोजच्याच कोठारातली चांगली प्रत तिच्या जागी ठेवते. हो, विंडोज आपल्या फाइल्सच्या प्रती स्वतःजवळ ठेवून असते. ही कमांड बाहेरून चालवताना कुठल्या ड्राइव्हवरची विंडोज दुरुस्त करायची ते सांगावं लागतं. इथे हमखास गंमत होते. एरवी सी असलेला ड्राइव्ह या काळ्या पडद्यावर डी किंवा ई म्हणून दिसू शकतो. बरेच जण सी लिहितात, कमांड चालत नाही, आणि 'बघ, काही उपयोग नाही' म्हणून फॉरमॅटकडे वळतात. आधी डायरेक्टरी उघडून विंडोजचं फोल्डर कुठे आहे ते बघा, मग अक्षर लिहा. माझंही पहिल्यांदा चुकलंच.

पाऊण तास लागला, डिस्क जुनी. शेवटी ओळ आली: खराब फाइल्स सापडल्या आणि दुरुस्त केल्या. रीस्टार्ट. विंडोज उठली. डेस्कटॉपवर तोच गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याचा फोटो, तेच पसरलेले आयकॉन. (एसएफसीला कोठारातही चांगली प्रत मिळाली नसती तर डीआयएसएम नावाची दुसरी कमांड होती. तीही फसली असती तर त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या मशीनवरून ती एक फाइल उचलून आणता आली असती. एक्सपीच्या जमान्यात आपण सीडीवरून एनटीएफएस डॉट एसवायएस कॉपी करायचो, आठवतंय?)

आणि खरी मेख तर पुढेच होती. विंडोज चालू झाल्यावर डिस्कचा स्वतःचा आरोग्य अहवाल काढला, स्मार्ट म्हणतात त्याला. खराब सेक्टर दिसले. म्हणजे दोष विंडोजचा नव्हताच, डिस्क मरायला लागली होती. दुकानात फॉरमॅट मारला असता तर त्याच मरत्या डिस्कवर नवी विंडोज बसली असती, चार महिने चालली असती, आणि पुन्हा बसली असती. मग पुन्हा फॉरमॅट, पुन्हा आठशे रुपये! रविवारी नवी एसएसडी आणली, जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर क्लोन केलं, जुनी डिस्क कपाटात ठेवली. फॉरमॅटने डेटा जातो हे तर झालंच, त्याबरोबर पुरावाही जातो. आजार काय होता ते कळायची वाटच बंद होते.

आता 'ही झाली घरगुती गोष्ट' असं म्हणाल, तर एक जागतिक गोष्ट सांगतो. १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीने एक अपडेट सोडलं. फाइलचं नाव सी-०००००२९१ ने सुरू होणारं, शेवटी डॉट एसवायएस. खरं तर ती ड्रायव्हर नव्हती, ड्रायव्हरने वाचायची माहितीची फाइल होती. त्या माहितीत २१ रकाने अपेक्षित, कोडकडून मिळत होते २०. एकविसावा वाचायला गेलेला ड्रायव्हर हद्दीबाहेरची मेमरी वाचू लागला आणि विंडोज कोसळली. १० वाजून ५७ मिनिटांनी अपडेट मागे घेतलं गेलं, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने तोवर ८५ लाख मशीन निळी पडली होती. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो तुम्हीही फॉरवर्ड केले असतील.

त्या दिवशी उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधलं क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडा, ती एक फाइल डिलीट करा, रीस्टार्ट करा. बस्स. जगभरच्या आयटीवाल्यांनी एकेका मशीनपुढे बसून हेच केलं. कुणी विमानतळ फॉरमॅट मारला नाही! जिथे कोट्यवधींचा धंदा अडकतो तिथे आपण एक फाइल शोधतो. जिथे एका बागायतदाराच्या सहा वर्षांच्या नोंदी अडकतात तिथे म्हणतो, मारा फॉरमॅट. अक्कल दोन्हीकडे तीच आहे, माणसाची किंमत वेगळी लावली आहे.

इथे दुकानदाराला झोडपणं सोपं आहे, पण मी झोडपणार नाही. त्याचं गणित बघा. निदान करायला दोन तास लागतात आणि निदानाचे पैसे कुणी देत नाही. "नुसतं बघायचे पाचशे?" असं आपणच म्हणतो. फॉरमॅटचे आठशे मात्र मुकाट्याने देतो, कारण मशीन नव्यासारखं दिसतं. शिवाय फॉरमॅट हमखास 'यशस्वी' होतो. तो बिचारा सांगतोही की डी ड्राइव्हवरचं राहील. पण आपल्या घरातली माणसं सगळं काही डेस्कटॉपवर ठेवतात, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. कुणी सांगायचं होतं? घरातल्या इंजिनिअरने.

म्हणून माझा रोख आपल्यावर आहे. आपण दिवसभर लॉग वाचून पोट भरणारी माणसं. ऑफिसात कुणी एरर मेसेज न वाचता तिकीट टाकलं तर त्याची टर उडवतो. आणि घरून फोन आला की तो मेसेज ऐकून घ्यायलाही तयार नसतो. वर आपलं तत्त्वज्ञान तयार असतं: सर्व्हर बिघडला तर दुरुस्त करत बसू नका, उडवा आणि नवा उभा करा. बरोबर आहे, पण ते का चालतं? कारण डेटा त्या सर्व्हरवर नसतोच, दुसरीकडे नीट सांभाळलेला असतो. काकांच्या टेबलावरच्या मशीनमध्ये डेटा आणि मशीन एकच. तिथे 'उडवा आणि नवा उभा करा' म्हणणं म्हणजे घर शाकारायचं म्हणून आतल्या माणसांसकट पाडणं.

"अरे पण बॅकअप ठेवायला नको का?" नको कसा, ठेवायलाच हवा. पण बॅकअप नव्हता म्हणून शिक्षा देण्याचं काम आपलं नाही. "क्लाउडवर ठेवा म्हणावं." जरूर, सेट करून द्या, आणि ते चालू आहे ना ते दर दिवाळीला बघा. "एवढा वेळ कुणाला आहे?" हा प्रश्न मात्र मला विचारू नका. २०१४ साली मीही तो विचारला होता.

फॉरमॅट कधीच मारू नये असंही माझं म्हणणं नाही. व्हायरस खोलवर मुरला असेल, मशीन विकायचं असेल, किंवा डेटा बाहेर काढून झाल्यावर विंडोजच सावरत नसेल, तर खुशाल मारा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे कधी ना कधी नवी आवृत्ती बसवावी लागणारच. पण तो शेवटचा उपाय, विचार करून केलेला. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पुराचं पाणी शिरलं तेव्हा घराघरातले, दुकानादुकानातले कॉम्प्युटर पाण्याखाली गेले. त्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला मात्र फॉरमॅटच्या आधी विचारलं जातं, "मारू दे का?" हो म्हणायच्या आधी थोडं थांबता येतं.

तर एवढंच करा. घरून फोन आला की म्हणा, पडद्याचा फोटो काढून पाठवा. फाइलचं नाव वाचा. दुकानदाराला विचारा, "कुठली फाइल गेलीय आणि का?" आणि हे शोधायचे वेगळे पैसे द्या, न कुरकुरता. डिस्क कटकट आवाज करत असेल तर कुठलीही कमांड चालवू नका, आधी डेटा काढून घ्या. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कुठे आहे ते आजच बघून ठेवा. क्राउडस्ट्राइकच्या दिवशी ती न सापडल्याने भलेभले अडकले होते. आणि एक बरा यूपीएस घेऊन द्या. पेटीभर आंब्यांच्या आसपास किमतीत येतो.

रविवारी रात्री निघताना काकांनी दोन पेट्या बसमध्ये चढवून दिल्या. म्हणाले, "मागच्या वेळेलाही हे असंच होण्यासारखं होतं काय रे?"

मी म्हटलं, "माहीत नाही काका. मी तेव्हा वाचलंच नव्हतं."